माणूस म्हणजे फक्त शरीर का? देहदान, मेंदू आणि आत्मा यांबद्दल नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात मी बरीच वर्षं वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीररचनाशास्त्र शिकवलं. आता निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिक मंडळांत, वस्त्यांमधल्या वाचनालयांत देहदान आणि अवयवदानाबद्दल बोलायला जाते. फॉर्म कुठे मिळतो एवढंच विचारायला उठलेला माणूस दुसऱ्याच वाक्याला आत्म्यावर येतो, आणि मग सभा लांबते. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे मांडली आहेत. उत्तरं माझी आहेत, कुठल्या संस्थेची नाहीत.

आधी तुमचं मत सांगा. माणूस शरीराहून अधिक आहे की नाही?

माणसाच्या आत शरीराखेरीज दुसरी एखादी वस्तू ठेवलेली आहे, असं मला वाटत नाही. पण शरीराची माहिती शेवटच्या पेशीपर्यंत लिहून काढली, तरी त्या माणसाबद्दल खरं आणि महत्त्वाचं असं खूप काही सांगायचं राहतं. या दोन्ही गोष्टी मी एकत्र मानते. अनेकांना त्यात विसंगती दिसते. मला ती का दिसत नाही, हे खालच्या उत्तरांमधून कळेल अशी आशा आहे.

मॅडम, तुम्ही एवढे देह उघडून पाहिले. आत्मा कुठे असतो जी?

कुठेच दिसला नाही. कवटीचा वरचा भाग करवतीने काढला, जाड आवरण कापलं, की मेंदू दोन्ही हातांत घेता येतो. वजन साधारण 1300 ते 1400 ग्रॅम. देह टिकवणाऱ्या फॉर्मालिन या द्रावात राहून तो घट्ट आणि पिवळट राखाडी झालेला असतो; जिवंत मेंदू इतका मऊ असतो की टेबलावर ठेवला तर स्वतःच्या भाराने पसरतो. फ्रान्सचे तत्त्वज्ञ देकार्त यांनी 17व्या शतकात सांगितलं होतं की आत्मा शरीराशी जोडला जातो तो मेंदूच्या मधोमध असलेल्या पिनियल ग्रंथीत, कारण मेंदूतले बाकीचे भाग जोडीने आहेत आणि ही एकटीच आहे. विद्यार्थी ती ग्रंथी हमखास शोधतात. ती एक सेंटिमीटरही भरत नाही, आणि झोपेचं चक्र सांभाळणारं मेलाटोनिन बनवते.

मात्र त्याच मेंदूत मला त्या माणसाला येत असलेली मराठीही दिसली नाही, सावजीचा रस्सा त्याला सोसायचा की नाही हेही दिसलं नाही. त्यामुळे दिसलं नाही म्हणून नाही, हा निकाल मी घाईने देत नाही.

आत्म्याचं वजन 21 ग्रॅम असतं हे सिद्ध झालंय ना?

नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या डंकन मॅकडूगल या डॉक्टरांनी मरणासन्न रुग्णांची खाट वजनकाट्यावर ठेवून मोजमाप केलं आणि 1907 साली ते प्रसिद्ध केलं. रुग्ण फक्त सहा. 21 ग्रॅमचा आकडा त्यातल्या एकाचा. दोघांची मोजणी खुद्द त्यांनीच बाद धरली आणि उरलेल्यांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर ही गोष्ट आली तर पुढे पाठवू नका.

डोक्याला मार लागला की माणसाचा स्वभाव बदलतो. मग माणूस म्हणजे मेंदूच, विषय संपला. नाही का?

हा प्रश्न सर्वांत गंभीर आहे, कारण त्यामागचा पुरावा भक्कम आहे. 1848 साली अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना स्फोट झाला आणि सुमारे सहा किलोची लोखंडी पहार फिनियस गेज नावाच्या मुकादमाच्या गालातून शिरून डोक्याच्या वरच्या बाजूने बाहेर पडली. तो वाचला. मात्र शांत, जबाबदार म्हणून ओळखला जाणारा हा माणूस शिवराळ आणि लहरी झाला, असं त्याच्या डॉक्टरांनी नोंदवलं. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गोष्ट बहुधा इथेच थांबते.

पुढचा भाग मी मुद्दाम सांगते. गेज नंतर चिली देशात गेला आणि तिथे त्याने काही वर्षं घोडागाडी हाकली. सहा घोड्यांच्या गाडीचं वेळापत्रक, प्रवासी, भाडं, परकी भाषा हे सगळं त्याने सांभाळलं. म्हणजे इजा कायम होती, तरी रोजचं काम आणि सोबतची माणसं यांच्या आधाराने त्याचं वागणं बरंच सावरलं असावं, असं आज काही अभ्यासक मानतात. मेंदूने स्वभाव बदलला हे खरं. त्या स्वभावाला पुन्हा आकार देण्यात मेंदूबाहेरच्या गोष्टींचाही हात होता.

दुसरं उदाहरण हेन्री मोलेसन यांचं. अपस्माराचे झटके थांबवण्यासाठी 1953 साली त्यांच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा आतला काही भाग काढला. त्यानंतर नवी आठवण टिकेना. संशोधकांना ते दर वेळी नव्याने भेटल्यासारखे भेटत. आरशात पाहून चांदणी गिरवण्याचा सराव त्यांना दिला, तेव्हा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. मात्र आपण हे आधी केलंय, हे त्यांना आठवत नसे. 2008 मध्ये ते गेल्यावर त्यांच्या मेंदूचे 2,401 काप करून अभ्यास झाला. कुठला भाग किती गेला होता, हे मिलिमीटरपर्यंत कळलं. प्रत्येक सकाळ अशी कोरी उजाडते तेव्हा त्या माणसाला काय वाटत असेल, हे त्या कापांत कुठून कळणार?

तर मेंदूवाचून माणूस नाही, हे मला मान्य आहे. मेंदूचं वर्णन केलं की माणसाचं वर्णन पूर्ण झालं, हे मान्य नाही.

आईला स्मृतिभ्रंश झालाय. मला ओळखत नाही. ती "तीच" आई आहे का?

हो. हा प्रश्न विचारणारे सभेत हात वर करत नाहीत, चपला घालताना हळूच विचारतात. आईपण फक्त तिच्या आठवणींत साठवलेलं असतं, तर आठवणींबरोबर ते गेलं असतं. पण ते तुमच्यातही आहे, मोठ्या मावशीतही आहे, गल्लीत तिला अजून "बाई" म्हणून हाक मारणाऱ्या तिच्या जुन्या विद्यार्थिनीतही आहे. शिवाय तिच्यात उरलेलं तुम्हाला वाटतं त्याहून जास्त असतं. नाव विसरलेला माणूस हरिपाठ सुरू झाला की ओळीला ओळ जोडतो, हे मी पाहिलंय. त्यामागे मेंदूशास्त्र आहे. ओळखीच्या गाण्याची आणि लयीची स्मृती पुष्कळदा उशिरापर्यंत तग धरते. तिच्याशी बोलत राहा. परीक्षा घेऊ नका. "मी कोण, ओळख बरं" असं विचारू नका. आपलं नाव सांगून बसा.

मग हे "अधिक" म्हणजे नेमकं काय? गोल गोल बोलू नका.

दोन गोष्टी सांगते.

पहिली, अनुभव. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि मुतखड्याचे रुग्ण वाढतात. खडा मूत्रवाहिनीत अडकतो, नळी आवळते, दाब वाढतो, मज्जातंतू संदेश नेतात, मेंदूतले ठरावीक भाग सक्रिय होतात. ही साखळी मी फळ्यावर काढू शकते. ज्याला कधीच कळ आली नाही त्याला ती साखळी पाठ होईल, पण कळ काय असते ते कळणार नाही. डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञांनी 1995 साली हाच पेच विज्ञानापुढे नेमकेपणाने ठेवला: मेंदूतली प्रत्येक क्रिया समजली, तरी त्या क्रियांसोबत काहीतरी जाणवतं का, याचं उत्तर बाकी राहतं. कुणी म्हणतं उद्या सुटेल, कुणी म्हणतं प्रश्नच चुकीचा मांडलाय. सर्वांना पटेल असं उत्तर अजून कुणाकडेही नाही.

दुसरी गोष्ट, अर्थ. एका देहदात्या आजींच्या डाव्या हातावर, मनगटाच्या थोडं वर, गोंदण होतं. जुनं, हिरवट पडलेलं, अक्षरं फुटलेली. गोंदण इतकी वर्षं कसं टिकतं, हे आता चांगलं कळलंय. शाईचे कण त्वचेच्या खालच्या थरातल्या भक्षक पेशी गिळून धरून ठेवतात. त्या मेल्या की नव्या पेशी तेच कण पुन्हा उचलतात. पेशी बदलत जातात, नाव तिथेच राहतं. विद्यार्थ्यांना मी हे शिकवलं, त्यांनी लिहून घेतलं. मग एका मुलीने विचारलं, "कोणाचं नाव असेल, मॅडम?" त्याचं उत्तर त्या त्वचेत नव्हतं. नवऱ्याचं असेल, लहानपणी गेलेल्या भावाचं असेल, देवाचं असेल. उत्तर एखाद्या गावात, एखाद्या जत्रेत, कुणाच्या तरी बोलण्यात होतं. त्या मुलीचा प्रश्न माझ्या तासाइतकाच खरा होता.

सगळं रसायनच आहे असं म्हटलं तर काय बिघडतं?

रसायन आहे म्हटल्याने काही बिघडत नाही. बाकी काहीच नाही म्हटलं की अडचण होते.

जे. बी. एस. हॉल्डेन हे थोर जीवशास्त्रज्ञ. त्यांनी एकदा असा युक्तिवाद केला होता की माझे विचार केवळ मेंदूतल्या अणूंच्या हालचालींनी ठरत असतील, तर ते खरे मानायला मला आधार नाही. आणि मग माझा मेंदू अणूंचा आहे, हेही मानायला आधार नाही. 1954 साली त्यांनीच तो मागे घेतला. घेणं योग्यच होतं, कारण गणकयंत्रही धातूचंच असतं आणि तरी बेरीज बरोबर करतं. म्हणून मी त्यांचा युक्तिवाद पुरावा म्हणून वापरत नाही. पण त्यातून एक गोष्ट हाती लागते: बेरीज बरोबर आहे की चूक, हे धातूचे गुणधर्म पाहून ठरत नाही. ते गणिताच्या नियमांनी ठरतं. तसंच दिलेला शब्द पाळला की मोडला, न्याय झाला की अन्याय, हे अणूंच्या यादीत शोधून सापडायचं नाही. या गोष्टी शरीरांमार्फतच घडतात, पण त्यांचे निकष शरीरातले नाहीत.

हेच हॉल्डेन 1957 मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले, 1964 साली भुवनेश्वरला वारले. त्यांनी आपला देह वैद्यकीय शिक्षणासाठी दिला होता. तो काकीनाडाच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेला.

आम्ही बौद्ध आहोत. धम्मात आत्माच नाही. मग तुमचा हा "अधिक" आम्ही का मानावा?

इंदोरा, जरीपटका, सिद्धार्थनगर, जिथे जाते तिथे हा प्रश्न येतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. बुद्धांनी नित्य, न बदलणारा आत्मा नाकारला. रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाची संवेदना), संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाची घडण) आणि विज्ञान (जाणीव) या पाच स्कंधांचा, म्हणजे घटकांचा, सतत बदलता समूह म्हणजे माणूस. लक्षात घ्या, पाचातला एकच स्कंध शरीराचा आहे. आत्मा नाकारणं आणि माणसाला मांसाचा गोळा मानणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे अडीच हजार वर्षांपूर्वीच स्पष्ट होतं.

14 ऑक्टोबर 1956 ला इथेच, दीक्षाभूमीवर, बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली. 22 प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि सर्व मनुष्यमात्र समान आहेत असं मानण्याचीही आहे. आता विचार करा. विच्छेदनाच्या टेबलावर जात दिसत नाही, हे सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे. पण त्या टेबलावर समानताही दिसत नाही. दिसतात ती असमान शरीरं: एकाचं हृदय मोठं, एकाची फुप्फुसं काळी, एकाचं हाड ठिसूळ. माणसं समान आहेत हे जीवशास्त्राने मोजून दिलेलं नाही; ते माणसांनी ओळखायचं, मान्य करायचं आणि त्यासाठी भांडायचं सत्य आहे. "अधिक" म्हणते ते हे. आत्मा न मानता ते मानता येतं, आणि या शहरातल्या लाखो घरांनी ते मानून जगून दाखवलंय.

हृदय धडधडतंय, हात गरम आहे, आणि डॉक्टर म्हणतात "ब्रेन डेड". हे कसं पटावं?

पटायला जड जातं, आणि जड जाणं साहजिक आहे. हृदयाला धडधडायला मेंदूची आज्ञा लागत नाही. त्याचं ठोके पाडणारं केंद्र त्याच्या आतच असतं. प्राणवायू मिळत राहिला की ते चालतं, आणि इथे प्राणवायू व्हेंटिलेटर देत असतो. मेंदूचा देठ, जिथून श्वासाची आज्ञा निघते, तो कायमचा बंद पडलेला असतो. कोमा वेगळा, कोमातला रुग्ण जिवंत असतो आणि कधी कधी परत येतो. मस्तिष्क-स्तंभ मृत्यूतून, म्हणजे मेंदूचा हा देठ मेल्यावर, कुणी परत येत नाही.

1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ ही तपासणी करतं, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा. बाहुल्या प्रकाशाला आकसतात का, डोळ्याला कापूस लावल्यावर पापणी हलते का, घशात नळी हलवल्यावर खोकला येतो का, हे पाहतात. शेवटी व्हेंटिलेटरपासून वेगळं करून, प्राणवायू देत, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. श्वासाचा एकही प्रयत्न झाला नाही, तर ती चाचणी मृत्यूच्या बाजूने जाते. अवयव बसवणाऱ्या पथकातला डॉक्टर या मंडळात चालत नाही. अवयव कुणाला मिळणार, हे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र प्रतीक्षायादीवरून ठरवतं. नागपूरचं केंद्र विदर्भासाठी हे काम करतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. त्या क्षणी त्या शरीरात मूत्रपिंडं लघवी गाळत असतात, यकृत काम करत असतं, त्वचा उबदार असते. पेशींच्या हिशेबाने शरीराचा मोठा भाग जिवंत असतो. तरीही वैद्यकशास्त्र आणि कायदा म्हणतात की माणूस गेला. म्हणजे माणूस म्हणजे जिवंत पेशींची बेरीज नव्हे, हे आधुनिक वैद्यकाने स्वतःच मान्य केलेलं आहे. आत्मा मानणारे आणि न मानणारे डॉक्टर एकाच फॉर्मवर सही करतात.

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातलगांना मी हे तत्त्वज्ञान सांगत नाही. आत जाऊन हात धरा, नाव घेऊन बोला, एवढंच सांगते. नकार दिलात तरी तो तुमचा अधिकार आहे.

दात्याचं हृदय मिळालं की त्याच्या आवडीनिवडी येतात म्हणे?

असे किस्से आहेत, पुरावा नाही. 1967 साली केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदय-प्रत्यारोपण केलं. प्रत्यारोपणात हृदयाचे मज्जातंतू कापले जातात, आणि नव्या शरीरात ते सुरुवातीला कुठल्याही मज्जातंतूविना स्वतःच्या लयीत चालतं. हृदय बदललेला नवरा घरी येतो तो तोच नवरा असतो.

हृदय बंद पडून परत आलेल्यांनी प्रकाश पाहिला, छतावरून स्वतःला पाहिलं. हा पुरावा नाही का?

अनुभव खरे आहेत; सांगणारे खोटं बोलत नाहीत. सॅम पार्निया यांच्या पथकाने 2014 साली हृदय बंद पडण्याच्या 2,060 घटनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. छतावरूनच दिसतील अशी चित्रं काही खोल्यांत उंच फळ्यांवर ठेवली होती. वाचलेल्यांपैकी ज्यांच्याशी बोलता आलं त्यातल्या बऱ्याच जणांना काही ना काही आठवत होतं, पण असे अनुभव मोजक्यांनाच आले होते. एका रुग्णाने त्या वेळच्या घडामोडींचं बरंचसं जुळणारं वर्णन केलं, पण त्याच्या खोलीत चित्राची फळीच नव्हती. त्यामुळे हा प्रश्न उघडा आहे. त्यावर आत्म्याचा महाल मी बांधणार नाही, आणि अनुभव सांगणाऱ्याला वेड्यातही काढणार नाही.

बोट हलवायचं ठरवण्याआधीच मेंदूने ठरवलेलं असतं असं वाचलं. मग आपल्या हातात काय?

तो बेंजामिन लिबेट यांचा 1983 चा प्रयोग. हालचालीच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूत विद्युत-संकेत वाढू लागतो आणि "आता हलवतो" ही जाणीव त्यानंतर येते, असं त्यात दिसलं. 2012 मध्ये शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तो संकेत म्हणजे आधीच झालेला निर्णय नसून मेंदूतली नेहमीची चढउतार असू शकते. आणि बोट केव्हा हलवावं, हा काही निर्णय नव्हे. मुलीला शिकू द्यायचं की लग्न लावायचं, या विचारात घरं महिनोन्‌महिने जागतात. त्याबद्दल तो प्रयोग काहीच सांगत नाही.

डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळे जन्मतो, देह दिला तर मुक्ती नाही. हे खरं का?

गीता मानत असाल तर "वासांसि जीर्णानि" आठवा. देह हे टाकलेलं वस्त्र आहे, आणि टाकलेलं वस्त्र कुणाच्या उपयोगी पडलं तर पाप कसलं? मोक्षधाम किंवा गंगाबाई घाटावर काही तासांत त्याच डोळ्यांची राख होते, त्याने कुणी आंधळा जन्मत नाही. विधी थांबत नाहीत. फोटो ठेवून दहावं, तेरवी सगळं करणारी घरं माझ्या ओळखीत आहेत. मुस्लिम कुटुंबांसाठी सांगते की उलेमांमध्ये या विषयावर मतभेद आहेत, विशेषतः देहदानाबद्दल. आपल्या विश्वासातल्या मौलानांना जरूर विचारा. कुणाची श्रद्धा दुखवून घेतलेला देह मला नको असतो.

वैद्यकीय कॉलेजात देहाची विटंबना होते का?

पूर्वी विद्यार्थ्यांचा थिल्लरपणा चालत असे, हे नाकारत नाही. आता पहिल्याच दिवशी विद्यार्थी देहासमोर उभे राहून आदराची शपथ घेतात आणि ती अभ्यासक्रमाचा भाग आहे. अठरा वर्षांची पोरं, कालपर्यंत नीटच्या क्लासला सायकलने जाणारी, त्या दिवशी एकदम गप्प होतात. समोर निव्वळ ऊती असत्या तर शपथेची गरज पडली नसती.

देहदान करायचंय. काय करावं?

जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात इच्छापत्राचा फॉर्म मिळतो. साक्षीदार म्हणून जवळच्या नातलगांच्या सह्या घ्या. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू, शवविच्छेदन झालेला देह, एचआयव्ही किंवा हिपॅटायटिससारखा संसर्ग असेल तर देह सहसा स्वीकारत नाहीत. नेत्रदान साधारण सहा तासांत व्हावं लागतं. तोवर पंखा बंद ठेवा, पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. नेत्रदानानंतरही देहदान होऊ शकतं.

फॉर्म भरून कपाटात ठेवला तर उपयोग नाही. तुम्ही गेल्यावर फोन करायचा असतो तो घरच्यांनी, आणि त्यांनी नको म्हटलं तर कुणीही देह न्यायला येत नाही. म्हणून बोला, आणि फक्त मुलाशी नको. सुनेशी, पुण्या-बंगळूरच्या लेकीशी, तेरवीचा आग्रह धरणाऱ्या मोठ्या दिरांशीही. विभागाचा फोन नंबर फ्रिजवर लावून ठेवा.